कारखान्याचे पाणी आणि आपले रान

पाणी म्हणजे जीवन, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण सगळे पाणी सारखे नसते. पावसाचे पाणी वेगळे, विहिरीचे वेगळे आणि कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी त्याहून वेगळे. हे तिसरे पाणी आज पुष्कळ गावांच्या शिवारात येत आहे. कुठे ते पाइपातून येते आणि फवाऱ्याने रानावर उडवतात. कुठे टँकर बांधावर येऊन उभा राहतो. टँकरवाला म्हणतो, "पाणी फुकट आहे, खतही फुकट आहे. कुठे सोडू ते दाखवा."

फुकटची वस्तू कोणाला नको असते? त्यातून विहिरीने तळ गाठलेला असला, तर असे पाणी नाकारणे जडच जाते. म्हणून हे पाणी घ्यावे की न घ्यावे, घ्यायचे तर किती घ्यावे आणि केव्हा घ्यावे, हे नीट समजून घेऊ या. कारण आपल्या रानात न मुरलेले पाणी आपल्या रानात राहत नाही. ते उताराने खाली जाते. आणि खाली कोणाची तरी विहीर असते.

हे पाणी येते कुठून?

आपल्या महाराष्ट्रात साखर कारखाने पुष्कळ आहेत. तेव्हा उदाहरण त्यांचेच घेऊ. दुसऱ्या कारखान्यांच्या पाण्यालाही यातले बरेचसे लागू पडते.

उसात पाणी फार. शंभर किलो उसात सुमारे सत्तर किलो पाणीच असते. साखर करताना रस आटवतात, तेव्हा हे पाणी वेगळे होते. त्याशिवाय यंत्रे धुतात, फरशी धुतात, रस आटवायच्या भांड्यांत बसलेला थर कॉस्टिक सोड्याने काढतात. या धुण्याच्या पाण्यात थोडी साखर जाते, यंत्राचे तेल जाते, सोडा जातो. हे झाले साखर कारखान्याचे सांडपाणी.

काही कारखान्यांना लागून डिस्टिलरी असते. साखर करून उरलेल्या काळ्या पाकापासून तिथे अल्कोहोल काढतात. अल्कोहोल काढल्यावर मागे जे पाणी उरते, ते गडद तपकिरी, आंबट आणि उग्र वासाचे असते. त्याला 'स्पेंट वॉश' म्हणतात. एक लिटर अल्कोहोलमागे असे पाणी सुमारे ८ ते १५ लिटर निघते.

इथे एक घोटाळा होतो. आपल्याकडे 'मळी' हा शब्द तीन वस्तूंना लावतात. साखर काढून उरलेला काळा पाक, त्यालाही मळी म्हणतात. रस गाळून राहिलेला गाळ, ज्याला प्रेसमड म्हणतात, तीही मळी. आणि डिस्टिलरीचे तपकिरी पाणी, तेही मळीचे पाणी. प्रेसमडची मळी चांगली कुजवून शेतात घातली, तर ते उत्तम खत आहे. ते नाव ऐकून माणूस फसतो. "मळी चांगली असते, आमच्या वडिलांनीही घातली होती," असे म्हणतो आणि स्पेंट वॉशचा टँकर रानात घेतो. म्हणून "मळी आहे" असे कोणी म्हणाले, तर पहिला प्रश्न विचारावा, "कसली मळी? गाळाची की पाण्याची?"

पाण्यात आहे काय?

डोळ्यांना दिसते ते फक्त रंग आणि फेस. खरी गोष्ट दिसत नाही.

पाण्यात हवा मिसळलेली असते. त्या हवेतल्या प्राणवायूवर मासे जगतात. ओढ्याच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक ग्रॅमचे हजार भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे मिलिग्रॅम. म्हणजे हा साठा अगदी थोडा असतो.

आता पाण्यात साखर किंवा दुसरा कुजणारा पदार्थ पडला, की डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव त्यावर तुटून पडतात. ते पदार्थ खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. कुजणारा माल जितका जास्त, तितका प्राणवायू जास्त लागतो. ही गरज मोजता येते. सरकारी कागदात तिला 'बी.ओ.डी.' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

कच्च्या स्पेंट वॉशची बी.ओ.डी. एका लिटरला ४०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असते. ओढ्याच्या एका लिटरमध्ये प्राणवायू ८ मिलिग्रॅम. आता हिशेब करा. ४०,००० भागिले ८ म्हणजे ५,०००. म्हणजे एक लिटर स्पेंट वॉश ओढ्याच्या पाच हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकते! एका बादलीत पंधरा लिटर मावतात. अशी एक बादली ७५,००० लिटर पाणी नासवील. मग टँकरची काय कथा?

साखर कारखान्याचे सांडपाणी इतके जहाल नसते. तरी शुद्ध न करता सोडले, तर ओढ्याला तेही सोसत नाही.

दुसरी गोष्ट क्षारांची. या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. कुजणारा माल कालांतराने कुजून संपतो. क्षार कुजत नाहीत. ते जमिनीत राहतात, नाहीतर पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरतात. स्पेंट वॉशमध्ये पोटॅश भरपूर असते, आणि पोटॅश पिकाला लागते, हे खरे. पण ताटात मीठ वाढतात म्हणून कोणी मिठाचा भात खात नाही.

जमीन पाणी कसे शुद्ध करते?

मग शेतात असे पाणी द्यायची कल्पना मुळातच वाईट आहे काय? नाही. शुद्ध केलेले सांडपाणी नदीत सोडण्यापेक्षा रानाला बेताने दिले, तर ते बरे. जमीन ही मोठी गाळणी आहे. मातीच्या एका चिमटीत असंख्य सूक्ष्म जीव असतात. ते पाण्यातला माल खातात, त्याचे खत करतात. पीक ते खत घेते. पाणी खाली मुरता मुरता स्वच्छ होत जाते.

पण या जीवांनाही हवा लागते. आणि इथेच आपल्या शेतकऱ्याच्या जुन्या शब्दाची आठवण होते. तो शब्द म्हणजे वाफसा. जमिनीत ओल आहे आणि हवाही आहे, मूठ दाबली तर ढेकूळ होते पण हाताला चिखल लागत नाही, अशा स्थितीला आपण वाफसा म्हणतो. पिकाच्या मुळांना वाफसा लागतो. मातीतल्या जीवांनाही वाफसाच लागतो. रान पाण्याने बुडवून ठेवले, की हवा निघून जाते. मग हे जीव गुदमरतात. दुसरेच जीव माजतात आणि सडक्या अंड्यासारखी घाण सुटते. कारखान्याच्या पाण्याने भिजलेल्या रानाला अशी घाण येऊ लागली, की समजावे, जमिनीला अजीर्ण झाले!

अति तेथे माती, असे आपण म्हणतो. इथे तर खुद्द मातीचीच माती होते.

जमीन किती पाणी पिते?

प्रत्येक जमिनीची भूक वेगळी असते, तशी तहानही वेगळी. वाळूसार जमीन घटाघटा पिते. भारी काळी जमीन घोट घोट पिते. एकदा भिजली, की काळी चिकण जमीन तासाला १ ते ५ मिलिमीटर इतकेच पाणी आत घेते. पाच मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. वाळूसार जमीन तेवढ्याच वेळात ३० मिलिमीटरही घेऊ शकते.

सरकारने हे ओळखून नियम केला आहे. केंद्र सरकारने २०१६ साली साखर कारखान्यांसाठी जे नियम काढले, त्यांत शुद्ध केलेले पाणी रोज किती द्यावे, हे जमिनीप्रमाणे ठरवून दिले आहे. वाळूच्या जमिनीला हेक्टरी २२५ ते २८० घनमीटर. चिकण जमिनीला हेक्टरी फक्त ३५ ते ५५ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. आपल्या एकराच्या हिशेबात सांगायचे, तर वाळूच्या जमिनीला एकरी सुमारे ९० हजार ते १ लाख १३ हजार लिटर आणि काळ्या चिकण जमिनीला एकरी सुमारे १४ ते २२ हजार लिटर. फरक पाहा. एकीचा घास दुसरीच्या पाच-सहा पट!

आणखी एक गोष्ट याच नियमात आहे. हे पाणी शुद्ध केलेले असले पाहिजे. जमिनीवर सोडायच्या पाण्याची बी.ओ.डी. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याची ३० च्या वर नको. आणि ज्या दिवसांत रानाला पाण्याची गरज नसते, त्या दिवसांत पाणी साठवायला १५ दिवस पुरेल असे न झिरपणारे तळे कारखान्याने बांधले पाहिजे. म्हणजे 'आमच्याकडे जागा नाही, आज घ्याच' असे म्हणायची सोय कारखान्याला नियमाने ठेवलेली नाही.

आता हिशेब करून पाहू. समजा, एक कारखाना रोज ५,००० टन ऊस गाळतो. नियमाप्रमाणे टनामागे सगळे मिळून २०० लिटरपर्यंत पाणी बाहेर सोडायची मुभा आहे. म्हणजे रोज १० लाख लिटर. हे सगळे काळ्या चिकण रानात द्यायचे, तर रोज सुमारे ४५ ते ७० एकर रान लागेल. आणि ते रान भुकेले पाहिजे, कालच भिजवलेले नको. त्याऐवजी हेच पाणी रोज दहा-पंधरा एकरांत ओतले, तर काय होईल, ते सांगायला गुरुजी कशाला पाहिजे?

डिस्टिलरीच्या पाण्याचा नियम याहून कडक आहे. पूर्वी काही अटी घालून ते रानात द्यायला मुभा होती. पण पाणी नासण्याच्या तक्रारी वाढल्या. आता ते कारखान्याच्या हद्दीबाहेर थेंबभरही सोडू नये, असा दंडक आहे. ते आटवून भट्टीत जाळावे, किंवा पक्क्या फरशीवर प्रेसमडमध्ये मिसळून त्याचे कंपोस्ट करावे. म्हणून कच्च्या स्पेंट वॉशचा टँकर बांधावर आला, तर त्यात विचार करण्यासारखे काही नाही. त्याला परत पाठवावे.

पाणी वाहून का जाते?

रानात दिलेले पाणी वाहून जाण्याची मुख्य कारणे पाच आहेत.

पहिले कारण, घाई. एका गुंठ्यावर १०,००० लिटरचा टँकर एकदम सोडला, तर तिथे सुमारे १०० मिलिमीटर, म्हणजे घोटाभर पाणी उभे राहील. भिजलेली काळी जमीन तासाला ५ मिलिमीटर पीत असेल, तर हे पाणी मुरायला वीस तास लागतील. टँकर तर दहा मिनिटांत रिकामा होतो. मग बाकीचे पाणी थांबेल काय? ते वाट शोधते. तेच १०,००० लिटर एक एकरभर सारखे पसरले, तर थर होतो फक्त अडीच मिलिमीटरचा. एवढे पाणी जमीन सहज पिते. पाणी तेवढेच, टँकर तोच. फरक पसरण्याचा.

फवाऱ्याचेही तसेच. फवारा तासाला १२ मिलिमीटर पाणी पाडत असेल आणि जमीन ५ पीत असेल, तर ७ मिलिमीटर वर राहते. एका एकरात ७ मिलिमीटर म्हणजे सुमारे २८,००० लिटर. दर तासाला! फवारा सुरू करून माणूस जेवायला गेला, तर तो परत येईपर्यंत ओढ्याला पाणी आलेले असते.

दुसरे कारण, आधीच भिजलेले रान. भरल्या घड्यात पाणी ओतले, तर ते बाहेरच सांडणार. कालच पाऊस झाला, किंवा परवाच पाटाचे पाणी दिले, आणि आज त्यावर कारखान्याचे पाणी सोडले, तर ते मुरायला जागाच नसते.

तिसरे कारण, उतार. उतारावर पाणी थांबत नाही. बांध फुटलेला असेल, तर बघायलाच नको.

चौथे कारण, मातीवर बसणारी खपली. फवाऱ्याचे मोठे थेंब उघड्या मातीवर आपटतात. ढेकळे फुटतात, बारीक माती छिद्रांत बसते आणि वर पापुद्रा धरतो. कारखान्याच्या पाण्यात तेल आणि बारीक गाळ असला, तर हा पापुद्रा आणखी घट्ट होतो. मग खाली जमीन कोरडी असली, तरी वरून पाणी वाहते.

पाचवे कारण दिसायला वेळ लागतो, पण ते सर्वांत वाईट. पाण्यात सोडा जास्त असला, की काळी माती हळूहळू चोपण होते. चोपण जमीन आपल्याला माहीत आहे. ओली असताना चिकट, वाळली की दगड. तिच्यात पाणी शिरत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी जे पाणी मुरत होते, तेच तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाहू लागते. आणि चोपण रान सुधारायला जिप्सम, शेणखत आणि पाण्याचा निचरा करणारे चर यांत पैसा आणि वर्षे दोन्ही जातात. फुकटचे पाणी असे महाग पडते.

अमेरिकेतली एक गोष्ट

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेत न्यू जर्सी नावाचे राज्य आहे. तिथे सीब्रूक फार्म्स नावाचा मोठा कारखाना होता. भाज्या धुऊन, निवडून, गोठवून तो विकत असे. भाज्या धुतल्याचे पाणी फार निघे. ते ओढ्यात सोडले, तर ओढा नासू लागला. म्हणून १९५० च्या सुमारास ते पाणी फवाऱ्याने जमिनीवर उडवून पाहिले.

आधी ते नांगरलेल्या शेतांवर उडवले. थोड्याच वेळात माती बसली, पाणी साचले आणि वाहू लागले. मग शेजारच्या जंगलात फवारे लावले. आश्चर्य असे, की जंगलाच्या जमिनीने कितीतरी जास्त पाणी पिऊन टाकले! तिथे सी. डब्ल्यू. थॉर्नथ्वेट नावाचे हवामानाचे शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्या सल्ल्याने हे पाणी पुढे जंगलातच सोडू लागले.

शेत आणि जंगल शेजारीशेजारी, मग एवढा फरक कशाने पडला? जंगलात पालापाचोळ्याची गादी असते. थेंब आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यावर, मग हळूच मातीत उतरतो. मातीला मार बसत नाही, पापुद्रा धरत नाही. गांडुळांची आणि मुळांची भोके उघडी राहतात. शेताची माती मात्र उघडी होती.

पण म्हणून जंगलाची तहान अमर्याद नव्हती. सारखे पाणी पडत राहिल्याने तिथली मूळची झाडेझुडपे बदलत गेली. तेव्हा जंगलाकडूनही शिकायचे ते दोन्ही. मातीवर पांघरूण ठेवावे, आणि पांघरूण असले तरी हात आवरावा.

हे आपल्या डोळ्यांनी पाहता येते. आम्ही शाळेत असताना मुलांना हा प्रयोग दाखवीत असू. तेलाचा पत्र्याचा डबा उभा कापून दोन पसरट ताटे करावीत. दोहोंत सारखी माती भरावी. एकावर उसाचे पाचट पसरावे, दुसरे उघडे ठेवावे. दोन्ही ताटे एका बाजूने थोडी उचलून ठेवावीत आणि खालच्या बाजूला एकेक वाटी ठेवावी. मग झारीने दोहोंवर सारखे पाणी घालावे. उघड्या मातीखालची वाटी लवकर भरते आणि तिच्यात गढूळ पाणी येते. पाचटाखालच्या वाटीत पाणी उशिरा येते, थोडे येते आणि निवळ येते. मुले टाळ्या वाजवीत. मोठ्या माणसांनीही एकदा करून पाहावा. पाचट जाळू नये, असे का सांगतात, ते या दोन वाट्या सांगतील.

वाहून गेलेले पाणी पुढे काय करते?

वरच्या रानातून निघालेले पाणी आधी खालच्या रानात शिरते. तिथले उभे पीक पिवळे पडते. तिथून ते ओढ्याला लागते. हिवाळ्यात गळीत जोरात असते आणि नेमके तेव्हाच ओढ्याला पाणी कमी असते. थोड्या पाण्यात प्राणवायूही थोडाच. तो संपला, की मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, आणि सकाळी काठाला मेलेले मासे दिसतात. जनावरे ते पाणी तोंडाला लावत नाहीत.

विहिरीचे मात्र लगेच कळत नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण आहे. पाषाणाला चिरा आहेत. विहिरीला पाणी येते, ते याच मुरमातून आणि चिरांतून. काळ्या जमिनीला सुकल्यावर हातभर भेगा पडतात. अशा भेगाळलेल्या रानात कारखान्याचे पाणी सोडले, तर ते मातीत न गाळताच भेगांतून सरळ खाली जाते. वर पाहणाऱ्याला वाटते, 'काय छान मुरले!' ते मुरलेले नसते, निसटलेले असते. काही दिवसांनी खालच्या विहिरीचे पाणी चहासारखे दिसू लागते. त्याला वास येतो. डाळ शिजत नाही.

एका गावी एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला विचारले होते, "गुरुजी, पाणी उकळून घेतलं तर चालंल का?" प्रश्न बरोबर होता, पण उत्तर नाही असेच द्यावे लागले. उकळल्याने रोगजंतू मरतात. क्षार मरत नाहीत. उलट पाणी आटते आणि क्षार दाट होतात. तुरटीनेही ते जात नाहीत. एकदा विहिरीच्या झऱ्यात हे पाणी उतरले, की पावसाळ्यामागून पावसाळे जावे लागतात, तेव्हा कुठे ते धुऊन निघते. तोवर त्या घरच्या बाईला हंडा घेऊन लांब जावे लागते. पाणी फुकट मिळाले एकाला. त्याचे मोल दिले दुसरीने.

आपण काय करावे?

कारखान्याचे पाणी रानात घेण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत.

१. हे पाणी कसले? साखर कारखान्याचे शुद्ध केलेले की डिस्टिलरीचे? शुद्ध केले असेल, तर तपासणीचा कागद दाखवा म्हणावे. त्यात बी.ओ.डी. १०० च्या आत आहे की नाही, ते पाहावे. आता आपल्याला वाचता येते. वाचता येणाऱ्याने कागद पाहिल्याशिवाय मान डोलावू नये.

२. किती देणार? आपली जमीन काळी की मुरमाड, त्याप्रमाणे एकरी किती लिटर, हे आधी ठरवावे. टँकर मोजावेत आणि वहीत लिहून ठेवावेत.

३. केव्हा देणार? जमिनीला वाफसा असेल तेव्हाच. पाऊस होण्याचा रंग असेल तर नाही. पावसाळ्यात नाही. भेगाळलेल्या रानात आधी कुळव फिरवून भेगा बुजवाव्यात.

४. कसे देणार? एका कोपऱ्यात ओतू देऊ नये. सारखे पसरावे. फवारा असेल तर बारीक थेंबांचा, कमी वेगाचा असावा आणि जवळ माणूस उभा पाहिजे. रानात पाणी चकाकू लागले, की फवारा बंद करावा. चकाकणारे पाणी म्हणजे न मुरलेले पाणी.

५. खाली काय आहे? उताराच्या बाजूचा बांध धड आहे काय? ओढा किती लांब आहे? शेजाऱ्याची विहीर, गावची पाणीपुरवठ्याची विहीर कुठे आहे? त्यांच्या जवळच्या रानात हे पाणी घेऊच नये. बांधाच्या आत समतल चर काढावा आणि बांधावर गवत राखावे. वाहते पाणी गवतात अडकते.

शिवाय पाणी घ्यायच्या आधी एकदा आणि पुढे दरवर्षी माती परीक्षण करावे. क्षार वाढू लागले, की पाणी बंद.

पाणी नासलेच, तर?

तर भांडत बसू नये आणि गप्पही बसू नये. आधी ते पाणी पिणे बंद करावे. मग ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. विहिरीच्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून, वर तारीख, वेळ आणि जागा लिहून प्रयोगशाळेत द्यावा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. पंचांसमक्ष पंचनामा करावा. ओढ्याचे, फेसाचे, टँकरचे फोटो मोबाईलवर घ्यावेत. शेजारच्या न नासलेल्या विहिरीचा नमुनाही बरोबर द्यावा. म्हणजे तुलना होते.

देशात १९७४ साली पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. पाणी नासवणारी घाण ओढ्यात, विहिरीत किंवा जमिनीवर जाणूनबुजून सोडणे या कायद्याने मना आहे. सोडू देणेही मना आहे. 'सोडू देणे' हे शब्द आपल्यासाठी आहेत. टँकर कारखान्याचा असला, तरी रान आपले असते.

आपल्या राज्यात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून काम करते. साखर कारखान्याला मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. कारखान्याने किती पाणी, किती शुद्ध करून, कुठे सोडायचे, हे त्या पत्रात लिहिलेले असते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली कोणीही त्याची प्रत मागू शकतो. ती प्रत ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. 'वास येतो' अशी तक्रार कोणी कानावर घेईल, कोणी घेणार नाही. पण 'तुमच्या पत्रात अमुक इतके लिहिले आहे आणि प्रयोगशाळेच्या कागदात तमुक इतके आले आहे' असे लिहून दिले, तर त्याला उत्तर द्यावेच लागते. तिथेही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक पीठ पुण्यात आहे.

कारखाना आपला शत्रू नाही. आपला ऊस तिथे जातो, आपली मुले तिथे कामाला जातात, कित्येक ठिकाणी सभासदही आपणच असतो. म्हणूनच सर्वसाधारण सभेत जसा उसाच्या दराचा प्रश्न विचारतो, तसा पाण्याचाही विचारावा. 'आपल्या कारखान्याचे पाणी कुठे जाते?' एवढे पाच शब्द पुरेत.

ध्यानात ठेवा

शुद्ध केलेले सांडपाणी बेताने दिले, तर जमीन ते पचवते.
डिस्टिलरीचे कच्चे पाणी रानात घेऊ नये.
काळी जमीन घोट घोट पिते. तिला घाई करू नये.
वाफसा नसेल, तर पाणी नको.
मातीवर पाचट असावे, उताराला बांध असावा.
रानात पाणी चकाकले, की थांबावे.
बांधापर्यंतचे रान आपले आहे. बांधाखालचे पाणी सगळ्यांचे आहे.